आप्पांचं व्रत आणि अंबुबाईचं कोंबडं

तंबाखूच्या रिकाम्या वखारीत मुलांचा वर्ग भरवायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला शिंका येत नसाव्यात. रायगोंडा आप्पांना खरंच येत नव्हत्या. चाळीस वर्षं निपाणीत तंबाखूचा व्यापार केलेल्या माणसाचं नाक कशालाच दाद देत नाही. पण सन छत्तीसच्या अक्षय्य तृतीयेला, सकाळी आठ वाजता, कांताबाईनं "हे बघा मुलांनो" एवढं म्हटलं आणि पुढची पंधरा मिनिटं नऊ पोरं आणि एक मास्तरीण मिळून नुसती शिंकत होती. वर्गाचा पहिला धडा तो. दुसऱ्या दिवशी कांताबाई उजाडताच आली आणि तिनं चार घागरी पाणी शिंपडलं.

वर्ग मोफत होता. आप्पांनी गावभर दवंडी दिली होती की वखारीतून राबणाऱ्या बायकांच्या, गोरगरिबांच्या मुलामुलींनी सुटीत उन्हातान्हात भटकू नये, चाळीस दिवस आमच्या वखारीत येऊन शिकावं. पाटी आमची, पेन्सिल आमची. पोरांकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही.

या 'काही म्हणजे काही'च्या मागं एक व्रत होतं. आदल्या चातुर्मासात गावात मुनिमहाराजांचा मुक्काम होता आणि त्याच दिवसांत आप्पांची आई गेली. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायची, शास्त्राचा ग्रंथ कपाळाला लावायची आणि दुसऱ्या कुणी वाचेपर्यंत तशीच बसून राहायची. कधी कधी कुणी वाचायला यायचंच नाही, मग तशीच उठून घरी यायची. मुलानं वखारी बांधल्या, गाडी घेतली, पण आईला चार अक्षरं शिकवायला त्याला कधी सवड झाली नाही. ही गोष्ट ती गेल्यावर आप्पांच्या मनाला फार लागली. त्यांनी महाराजांपुढं हात जोडून चाळीस दिवसांच्या ज्ञानदानाचं व्रत घेतलं. दान द्यायचं आणि बदल्यात गवताची काडी घ्यायची नाही. काडी घेतली की दानाचा बाजार होतो, असं महाराज म्हणाले होते आणि बाजार म्हणजे काय हे आप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती.

कांताबाई ही नेमिनाथ किराणावाल्याची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी आणून सोडली. तिनं हट्टानं सोलापूरकडच्या जैन बायकांच्या एका श्राविकाश्रमात राहून शिक्षण घेतलं आणि मास्तरकीचा दाखला घेऊन परत आली. दाखला ट्रंकेत राहिला आणि ती भावाच्या स्वयंपाकघरात. तीन वर्षं तशीच गेली. आप्पांनी बोलावलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "कांता, चाळीस दिवस खंड न पडता वर्ग चालव. शेवटच्या दिवशी तीस तरी पोरं बसलेली दिसू देत. आषाढात ह्याच वखारीत पोरींची शाळा घालतो, आन् तू तिथली मास्तरीण. पगार, र्‍हायला खोली, सगळं." कांताबाई त्या दिवशी घरी परतली ती जमिनीवरून चालत नव्हती. स्वतःची खोली म्हणजे काय असतं हे तिला आठवून बघावं लागलं, आणि आठवण्याजोगं काही सापडलं नाही.

म्हणजे तीस पोरं आणि चाळीस दिवस, एवढाच हिशेब. आणि सुरुवात नऊ पोरांनी, शिंकत.

तिसऱ्या दिवशी शाली नावाची दहा वर्षांची पोरगी परकराच्या ओच्यात पाच कांदे घेऊन आली. "आईनं दिल्यात." मग बाकीच्यांनीही काढलं. कुणी मूठभर शेंगा, कुणी चिंचेचा गोळा, एकानं तर डोक्यावरून जळणाला दोन शेणी आणल्या होत्या. कांताबाईनं सगळ्यांना गोड समजावलं की आपल्या वर्गात काही घ्यायचं नसतं, आणि ज्याचं त्याला परत दिलं. मनातून तिला बरं वाटलं. नियम पाळल्याचं सुख काही औरच असतं, त्यात डोकं चालवावं लागत नाही.

चौथ्या दिवशी सहा पोरं आली. पाचव्या दिवशी चार. सहाव्या दिवशी दोन, आणि त्यातलं एक हरवलेली शेळी शोधत आलं होतं.

त्याच दुपारी शालीची आई वखारीच्या दारात उभी राहिली. अंबुबाई. पलीकडच्या वखारीत तंबाखू झोडपायच्या आणि चाळायच्या कामाला होती. वय फार नव्हतं, पण डोक्यापासून पायापर्यंत तंबाखूची भुकटी बसल्यामुळं केस पिकल्यासारखे दिसत होते. आत न येता तिनं तिथूनच विचारलं, "बाई, माझ्या कांद्यास्नी काय किडं पडल्यालं?"

"न्हाय हो अंबुबाई. वर्ग फुकट हाय. काय द्यायचं न्हाय, म्हणून परत दिलं."

"फुकट!" अंबुबाई असं बोलली, जणू कुणी तिच्या तोंडावर शिवी हाणली होती. "फुकट कुनाला देत्यात? भिकाऱ्याला. मी दिवसभर राबती बाई. माझ्या बाच्या गावात सुतार नांगर करून देतोय, त्येला सुगीला बलुतं मिळतंय. न्हाव्याला मिळतंय, कुंभाराला मिळतंय. आन् तुमी माझ्या पोरीला शाणी करनार, तर तुमाला काय न्हाय? उद्या पोरगी चार बुकं शिकली तर गाव काय म्हनंल? भिकंवर शिकली म्हनंल."

"आप्पांचं व्रत हाय तसं."

"आप्पांचं आप्पांपाशी. देवाकडं आन् गुरूकडं रिकाम्या हातानं जाऊ ने, येवढं आमाला बी कळतंय. ह्या जलमात घेटल्यालं ह्या जलमात फेडावं. न्हायतर फुडल्या जलमी बैल हूनशान आप्पांच्या गाडीला कोन जुपून घेनार? मी न्हाय." आणि ती निघूनही गेली. अर्ध्या तासाची सुटी होती तिला.

कांताबाई रिकाम्या वखारीत बसून राहिली. आप्पांसारख्या माणसाला हे कधी कळलं नसतं, कारण आप्पा जन्मभर देणाऱ्यांच्या बाजूला उभे होते. तिला मात्र कळलं, आणि ते बुद्धीनं कळलं नाही. भावाच्या घरी तिला कुणी उणं बोलत नसे. वेळेवर ताट, वर्षाला दोन लुगडी, सणाला गोडधोड. पण त्या घरात तिनं पाटावर बसताना एकदाही पाट जोरात सरकवला नव्हता. पाहुणी असती तर सरकवला असता, मालकीण असती तरी सरकवला असता. फुकटचं खाणारा माणूस आवाज करत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वखारीच्या दाराशी एक मोठी बुट्टी ठेवली, तंबाखू वाहायची जुनी वेताची बुट्टी, आणि शालीला सांगितलं, "आईला म्हणावं, जे द्यायचं ते हितं टाका. मी बघितलंच न्हाय असं समजा."

मग पोरं आली. आधी शाली, मग शालीच्या आळीतली, मग आळीच्या पलीकडची. आठव्या दिवशी एकोणीस होती, पंधराव्या दिवशी तीसवर गेली आणि वैशाख संपता संपता बेचाळीस. बुट्टी रोज भरायची. शेंगा, ज्वारी, गुळाचा खडा, करवंदं, शेणी. दुपारी शेण्यांवर शेंगा भाजून त्याच पोरांना वाटल्या जायच्या, ज्वारी ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याच्याकडं जायची. कांद्याचा प्रश्नच नव्हता. कांदा, लसूण, रताळं, जमिनीखालचं काहीच कांताबाई खात नसे. तिनं स्वतःशी ठरवून टाकलं की आलेलं सगळं पोरांच्याच पोटात जातंय, म्हणजे वर्गानं काही घेतलेलं नाही. स्वतःच्या मनाला समजवायचं असलं की माणसाला वकील लागत नाही.

आणि वर्ग काय रंगला म्हणता! शाळेत बाराखडी घोकून घेतात, तसलं काही नव्हतं. पोरांनी वखार पावलांनी मोजली आणि कुणाची पावलं खरी यावर भांडण करून गजाचं महत्त्व आपोआप शिकली. दारापुढं काठी रोवून सावलीवर रेघा मारल्या, आणि आठवड्यात एकेक पोर गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी किती वाजले ते सांगू लागलं. चिखलाची निपाणी केली. मधून मोठा रस्ता, एकीकडं कोल्हापूर, दुसरीकडं बेळगाव. स्वतःचं नाव पाटीच्या एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कानडीत लिहायचं, अशी शर्यत लागायची. शालीनं तर सर्व्हिस मोटारीची पाटी वाचून कोल्हापूरला निघालेल्या एका म्हाताऱ्याला बेळगावच्या गाडीतून खाली उतरवलं. म्हातारा तिला घरापर्यंत आशीर्वाद देत आला, आणि अंबुबाईनं त्या दिवशी बुट्टीत दोन शेर ज्वारी ओतली.

आप्पा मधेच दोनदा येऊन गेले. दाराशी खुर्ची टाकून बसायचे. बुट्टी त्यांच्या पायापासून हातभर लांब, वर पोतं टाकलेलं. एक पोर अडखळत अडखळत वाचू लागलं तेव्हा आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. कांताबाईला त्या दोन्ही वेळा धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. भला माणूस समोर बसलाय, त्याला आपण फसवतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सांगितलं तर बुट्टी जाईल, बुट्टी गेली की पोरं जातील, पोरं गेली की शाळा. तिनं सांगितलं नाही.

ज्येष्ठातली श्रुतपंचमी आली. त्या दिवशी जैन लोक शास्त्राच्या ग्रंथांची पूजा करतात. आप्पांच्या मनात आलं की या वर्षी पूजा वर्गातच करावी आणि प्रत्येक पोराला एक पुस्तक द्यावं. चाळीस दिवसांतले आठ उरले होते. कांताबाईनं आदल्या दिवशी पोरांना सांगितलं, "उद्या आपल्या वर्गात विद्येची पूजा हाय. आंघोळ करून या. आयांना बी घेऊन या."

एवढंच सांगितलं, आणि तिथंच चुकलं. ती बस्तीच्या सावलीत वाढलेली. पूजा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं तांदूळ, चंदन, उदबत्ती. तंबाखूच्या वखारीतल्या बायका गावदेवी मरगूबाईला मानणाऱ्या. त्यांना पूजा म्हटलं की काय दिसतं, हे तिला निपाणीत लहानाची मोठी होऊनही सुचलं नाही.

सकाळी वखार झाडून, शिंपडून लख्ख केली होती. चौरंगावर रेशमी वेष्टनातला ग्रंथ, समोर तांदळाचं स्वस्तिक. आप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून हात जोडून उभे. बेचाळीस पोरं तेल लावून, भांग पाडून रांगेत. मागं पंधरा-वीस बायका अर्धा दिवस खाडा करून आल्या होत्या. आणि सगळ्यांत शेवटी अंबुबाई आत शिरली. काखेत तांबडं, तुरेबाज, चांगलं दोन शेरांचं कोंबडं, तुऱ्याला कुंकू लावलेलं.

तिनं ते सरळ चौरंगापुढं आणून ठेवलं. पाय सुतळीनं बांधलेले होते. कोंबड्यानं मान वाकडी करून ग्रंथाकडं बघितलं आणि मोठ्यांदा बांग दिली.

पोरं हसली. आप्पांच्या तोंडातला मंत्र तिथंच थांबला. "हे... हे काय?"

"निवद," अंबुबाई म्हणाली. "इद्येच्या देवीला. शाली वाचाय शिकली तर म्हनून नवस बोल्ले हुते मी."

"अगं बाई, आमच्यात मुंगी मारत न्हाईत! शास्त्रापुढं कोंबडं? घिऊन जा ते. आत्ताच्या आत्ता घिऊन जा."

"न्हेती की," अंबुबाईचा आवाज बसला. तिनं मनापासून आणलं होतं. "न्हेऊन घरी कापायचं मग. कुंकू लावून देवीच्या नावानं उंबऱ्याभाईर काढल्यालं कोंबडं परत खुराड्यात घालत न्हाईत, आप्पा. कापायचं, न्हायतर गुरूनं ठिवून घ्यायचं. तिसरी वाट न्हाय."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जीव हत्येला जातोय आणि आपण बघत उभे, हे जैनाला कसं चालणार? त्यांनी चटकन खिशात हात घातला. "मी इकत घेतो. बोल काय देऊ?"

"देवीच्या नावाचं इकत्यात व्हय?" मागल्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"बरं, मग मी असंच..." आप्पा एवढं म्हणाले आणि थबकले. असंच घेतलं तर? गवताची काडी नाही म्हटलं होतं, हे तर दोन शेरांचं कोंबडं. घ्यावं तर व्रत मोडतं, सोडावं तर जीव जातो. रायगोंडा आप्पांनी आयुष्यात मोठमोठे सौदे केले होते, पण असा कोंडमारा कधी झाला नव्हता. ते मागं सरले आणि त्यांचा पाय बुट्टीला लागला. वरचं पोतं घसरलं. त्या दिवशी सण म्हणून बुट्टी ओसंडून भरली होती. शेंगा, गूळ, कांद्यांची माळ, आणि कुणीतरी प्रेमानं ठेवलेली चार अंडी.

आप्पांनी आधी अंड्यांकडं बघितलं, मग कांताबाईकडं.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"सातव्या दिवसापास्नं, आप्पा." आता खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि तिला बोलायचंही नव्हतं. "मी काय खाल्लं न्हाय. सगळं पोरांस्नीच वाटलं. पण घेतलं. परत देत हुते तर पोरं येत नव्हती."

आप्पा खुर्चीत बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आईच्या नावाचं हुतं गं ते." आणि हे ऐकून कांताबाईचे डोळे भरून आले, कारण त्यांचं खरं होतं.

कोंबडं सुतळी ओढत फडफडत होतं. बऱ्याच वेळानं आप्पा उठले. त्यांनी तोवर मनाशी सगळं जुळवलं असावं, व्यापारी माणूस. "झालं ते झालं. तू नेणत्यापनी केलंस असं मी धरतो. महाराजांपुढं जाऊन प्रायश्चित्त घेतो, चार उपास करतो. आठ दिवस ऱ्हायल्यात, ते नीट काढ. ह्या बायांना हितंच सांग, बुट्टी उचला, कोंबडं उचला, हितनं फुडं काडी आणायची न्हाय. आषाढात शाळा हाय म्हणजे हाय. माझा शब्द."

याहून जास्त कुणी काय देणार? कांताबाईला ते कळत होतं. पगार, खोली, नावाची पाटी, सगळं अजून जागच्या जागी होतं. तिनं फक्त तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नव्या पुस्तकांच्या ओढीनं आठ दिवस पोरंही आली असती. तिनं अंबुबाईकडं बघितलं. अंबुबाई खाली वाकून कोंबड्याची सुतळी सोडवत होती. मान वर करत नव्हती. तिच्या शेजारी शाली उभी होती, आणि दहा वर्षांची ती पोर आईकडं अशी बघत होती, जणू आपल्यामुळंच आईची ही शोभा झाली.

"ठेवा ते, अंबुबाई," कांताबाई म्हणाली. "मी घेते."

"तू कशी घेशील?" आप्पा म्हणाले. "तू वर्गाची बाई. तू घेतलंस म्हंजे वर्गानं घेतलं, वर्गानं घेतलं म्हंजे मी घेतलं."

"व्हय." कांताबाईनं पदर खोचला. "म्हणून मी आत्तापास्नं तुमच्या वर्गाची न्हाय, आप्पा. तुमी दिलंत ते निव्वळ दिलंत, तुमच्या हाताला काय लागलं न्हाय. घेतलं ते मी घेतलं. पाप लागायचं तर मला लागंल. आन् कोंबडं मी पाळीन, कापनार न्हाय."

"आन् शाळा?"

तिनं नुसती नकाराची मान हलवली.

"कांता, डोकं ठिकाणावर हाय का? कोंबड्यापायी?"

"कोंबड्यापायी न्हाय, आप्पा." पुढचं तिला नीट सांगता आलं नाही. सांगता आलं असतं तरी आप्पांना पटलं नसतं. तिनं वाकून त्यांना नमस्कार केला. आप्पांनी आशीर्वादाला हात उचलला, मधेच थांबवला, आणि शेवटी ठेवला तिच्या डोक्यावर. ग्रंथ वेष्टनात गुंडाळून, छातीशी धरून, ते एकटेच उन्हात निघून गेले. पुस्तकांचा गठ्ठा तिथंच राहिला. दिलेलं दान ते परत नेणार नव्हते.

आता वखारीत पोरं, बायका, बुट्टी आणि कांताबाई. अंबुबाईनं डोळे पदरानं पुसले आणि पहिला कामाचा प्रश्न विचारला. "मग बाई, उद्या पोरांनी कुठं यायचं?"

कांताबाईनं याचा विचारच केला नव्हता. "तुमचं अंगण केवढं हाय?"

"बसत्याल की. लिंबाची सावली हाय."

"मग तिथं. आन् मला बलुतं लागंल. सुताराला देता तसं." हे मागताना तिचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा ती तोंड उघडून काही मागत होती. बायका तिच्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांच्यात एकदम जोरात बोलणं सुरू झालं. कुणी किती ज्वारी, कुणाच्या माहेरच्या रानातलं काय, कुणाची म्हैस व्याली की दूध. कांदा कुणी द्यायचा नाही, बाईला चालत नाही, अंडी तर नकोच नको, हे एकमेकींना बजावून झालं. एकीनं तर घरी पळत जाऊन पायलीभर ज्वारीचं गाठोडं आणून दिलं. यात संसार कसा चालणार होता कोण जाणे. तंबाखू झोडपणाऱ्या बायकांच्या घरी स्वतःलाच पुरेसं कुठं असतं? कांताबाईलाही ते दिसत होतं. पण बायकांचा नूर असा होता, जणू कुणाच्या घरी लग्नच ठरलंय.

भर दुपारी ती घरी निघाली. पांढरं लुगडं, एका काखेत ज्वारीचं गाठोडं, दुसऱ्या काखेत कुंकू लावलेलं तांबडं कोंबडं. बस्तीतली पूजा नुकतीच सुटली होती आणि ओट्याओट्यांवर माणसं उभी होती. नेमिनाथची बहीण, आणि काखेत कोंबडं! एक म्हातारा चष्मा पुसून पुन्हा बघू लागला. कोंबडं मात्र मान ताठ करून सगळ्यांची सलामी घेत चाललं होतं. कांताबाई खाली न बघता चालत राहिली, कारण खाली बघितलं असतं तर कोंबडं निसटलं असतं.

नेमिनाथ दुकानातून धावतच आत आला. "कांता! जैनाच्या घरात कोंबडं?"

"जीव वाचवलाय अण्णा. परसात शेवग्याला बांधते. त्याला दाणं मी घालीन."

"आन् वर्ग? शाळा?"

तिनं सगळं सांगितलं. नेमिनाथ कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसला. आप्पांसारखा माणूस, त्याचा शब्द, आणि ही पोरगी तो टाकून ज्वारीचं गाठोडं घेऊन आली! तो चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. "जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "तुला हितं काय कमी हाय? दोन भाकरी काय मला जड हाईत व्हय?"

कांताबाई स्वयंपाकघरात गेली. वहिनी चुलीपुढं होती. कांताबाईनं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. "वयनी, ही ज्वारी दळून घ्या. आजपास्नं माझी भाकरी ह्यातली."

वहिनीचा हात परातीत थांबला. ती वाईट बाई नव्हती. तिचा चेहरा पडला. "आमी कधी काय म्हनलं का हो तुमास्नी? एका शब्दानं तरी?"

"न्हाय वयनी," कांताबाई तिच्याजवळ बसली. "कधीच न्हाय."

वहिनी पदर डोळ्याला लावून रडली. कांताबाईनं तिची समजूत काढली, पण गाठोडं मागं घेतलं नाही. जरा वेळानं वहिनीनंच नाक ओढत ते सोडलं, ज्वारी सुपात घेतली आणि निवडायला बसली. दोघींनी मिळून ती निवडली, जात्याला बसून दळली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची त्या घरची रीत होती. कांताबाईनं पाट ओढला तो फरशीवर खडखडला. वहिनीनं तिच्या ताटात एक भाकरी वाढली आणि नेहमीप्रमाणं पुढं सरकली.

"वयनी," कांताबाई म्हणाली, "अजून एक वाढा की. भूक लागल्या."